पाच टायरांचा हिशेब

२०२५ च्या जुलैत, मुरबाडच्या पुढे टोकावड्याजवळच्या आमच्या शेताकडे जाताना, बांधाकडेच्या गवतात दडलेल्या एका दगडाने थारच्या पुढच्या डाव्या टायरची बाजू कापली. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याने त्या चिरेत बोट घालून पाहिले आणि नुसती मान हलवली. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागात खिळा घुसला असता तर आतून पॅच लावून काम भागले असते. परंतु साइडवॉल हा टायरचा प्रत्येक फेऱ्यात वाकणारा भाग असल्याने तिथे कापलेले धागे कोणत्याही ठिगळाने पुन्हा सांधले जात नाहीत. तेव्हा मागच्या दारावर टांगलेली स्टेपनी काढून बसवली. गाडी २०२१ च्या सुरुवातीला घेतल्यापासून ती स्टेपनी एकदाही जमिनीला टेकलेली नव्हती आणि तिची नक्षी अगदी कोरी होती, याचे मला त्या वेळी मोठे समाधान वाटले.

ते समाधान फार टिकले नाही. संध्याकाळी परतताना शेतातल्या चिखलासाठी गाडी फोर हायमध्ये, म्हणजे चारही चाके ओढतील अशी, टाकली होती आणि डांबरी रस्त्याला लागल्यावरही पाऊस कोसळत होता म्हणून मी ती तशीच ठेवली. चार-पाच किलोमीटरनंतर टू हायमध्ये, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांवर, आणायला गेलो तर लिव्हर जागची हलेना. वळणावर स्टीअरिंग जड लागत होते आणि कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी गाडी अडखळत होती. मी लिव्हरला आणखी जोर लावणार तोच शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "अरे, हिसडे मारू नकोस. सरळ थोडी मागे घे." नोकरीत अनेक वर्षे त्यांनी सरकारी जीप चालवलेली. मी गाडी दहा-पंधरा फूट सरळ मागे घेतली, खाली कुठेतरी 'टक्' असा आवाज झाला आणि लिव्हर लोण्यातून सुरी फिरावी तशी सुटली.

हे का झाले, याचा हिशेब मी घरी आल्यावर मांडला. थारची फोर व्हील ड्राइव्ह 'पार्ट टाइम' पद्धतीची आहे, म्हणजे फोर हायमध्ये टाकल्यावर ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनची ताकद पुढे-मागे पोचवणारी गिअरांची पेटी, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधते आणि दोघांना नेमके सारखेच फिरायला लावते. फरक पचवणारा मधला डिफरेन्शियल या रचनेत नसतो. माझ्या टायरची साइज २४५/७५ आर१६ आहे. २४५ मिलिमीटर रुंदीच्या ७५ टक्के म्हणजे सुमारे १८४ मिलिमीटर उंचीची साइडवॉल, ती वर आणि खाली अशी दोनदा, अधिक १६ इंचांची रिम, असे धरले तर नव्या टायरचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर येतो. ५२ हजार किलोमीटर धावलेल्या माझ्या टायरांवर ४ मिलिमीटर नक्षी उरली होती, तर स्टेपनीवर १०. त्रिज्येत ६, म्हणून व्यासात १२ मिलिमीटरचा फरक. नवा टायर एका किलोमीटरमध्ये सुमारे ४११ वेळा फिरतो, झिजलेला जवळपास ४१८ वेळा. पुढे एक नवा आणि एक जुना असल्याने पुढचा डिफरेन्शियल सरासरी काढतो आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलमधला फरक किलोमीटरमागे तीन-सव्वातीन फेऱ्यांचा उरतो. भाराने टायर दबत असल्यामुळे हे आकडे काटेकोर नव्हेत, पण ओघ हाच. चिखलात किंवा खडीवर चाके घसरून हा फरक जिरवतात. डांबरावर, ते ओले असले तरी, पकड बरीच असते आणि न जिरलेला सगळा पीळ शाफ्टांत व गिअरांत साठतो. लिव्हर त्या पिळाखाली अडकली होती. डांबरावर फोर हायमध्ये राहणे ही चूक माझीच. पण चारही टायर सारखे झिजलेले असते तर सरळ रस्त्यावर चार किलोमीटरांत इतका पीळ साठला नसता.

ज्या गाड्यांत चारही चाके कायम जोडलेली असतात, त्यांच्याबाबतीत हे अधिकच जपावे लागते, कारण तिथे लिव्हर अडकून इशारा मिळत नाही. मधला डिफरेन्शियल किंवा कपलिंग रोज थोडेथोडे तापत राहते आणि खर्च पुढे एकदम समोर येतो.

मग तात्पुरता उपाय म्हणून मी जे केले त्याला वागळे इस्टेटमधले एक टायरवाले काका अजूनही हसतात. मी त्यांच्याकडे मुद्दाम जुना, झिजलेला, माझ्याच साइजचा आणि चार मिलिमीटरच्या आसपास नक्षी उरलेला टायर मागितला. "साहेब, लोक जास्त नक्षीचा मागतात, तुम्ही कमी नक्षीचा शोधताय," असे म्हणत त्यांनी माळ्यावरून तीन टायर खाली टाकले. त्यातला एक आतून मोबाइलच्या उजेडात तपासून, पॅच नाही, साइडवॉलवर फुगा नाही आणि बीड, म्हणजे रिमवर बसणारी कड, कुठे तुटलेले नाही अशी खात्री करून घेतला. वापरलेला टायर घेण्याचा सल्ला मी एरवी कोणाला देणार नाही. मला फक्त पावसाळा संपेपर्यंतचे तीन महिने काढायचे होते आणि तेवढ्या काळात नीट विचार करून संपूर्ण संच बदलायचा होता.

विचारासाठी साधन घरातच होते. गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये मी एक वही ठेवतो, तीत डिझेल, किलोमीटर आणि कुठे गेलो एवढे लिहिलेले असते. जून ते ऑगस्टमधल्या नोंदी बेरजेला घेतल्या. एकूण ३,०६० किलोमीटर. त्यांतले २,९८० डांबर आणि काँक्रीटचे, म्हणजे मुख्यतः घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, विटावा, ठाणे–बेलापूर रस्ता असे ऐरोलीच्या कचेरीपर्यंत आणि महिन्यातून दोनदा कल्याण–मुरबाड मार्गे शेतापर्यंत. कच्चा पण टणक रस्ता ६० किलोमीटर. खराखुरा चिखल, ज्यात फोर बाय फोरशिवाय गाडी पुढे जातच नाही, २० किलोमीटर. शंभरात एकसुद्धा नाही! मी आणि माझ्यासारखे कितीतरी जण टायर निवडताना मनात जे चित्र ठेवतात ते या शंभरातल्या एकाचे असते, आणि रोज दोनदा ज्या रस्त्यावरून जातो तो त्या चित्रात येतच नाही.

बाजारात अशा गाड्यांसाठी ढोबळमानाने तीन जाती मिळतात. एचटी, म्हणजे हायवे टेरेन, याची नक्षी जवळजवळ बसवलेली असते आणि तिच्यावर ब्लेडने पाडाव्यात तशा बारीक चिरा भरपूर असतात; ओल्या डांबरावर त्या चिरांच्या कडा पाण्याचा पातळ थर पुसत जातात, ब्रेक चांगले लागतात, आवाज कमी होतो आणि डिझेलही थोडे वाचते. एमटी, म्हणजे मड टेरेन, याचे ठोकळे मोठे आणि त्यांच्यातल्या फटी रुंद असतात, ज्यामुळे चाक फिरताना अडकलेला चिखल झटकून टाकता येतो. तोच टायर पावसात भिजलेल्या गुळगुळीत काँक्रीटवर मात्र कमी रबर टेकवतो, बारीक चिरा कमी असल्याने पाणी नीट पुसत नाही आणि ताशी साठाच्या वेगाला असा घोंगावतो की शेजारच्याशी बोलताना आवाज चढवावा लागतो. एटी, म्हणजे ऑल टेरेन, हा मधला. आणि खरा गोंधळ इथेच आहे, कारण एटी या दोन अक्षरांखाली एचटीच्या चुलतभावापासून एमटीच्या सख्ख्या भावापर्यंत काहीही विकले जाते. त्यामुळे अक्षरांवर न जाता टायर प्रत्यक्ष पाहणे बरे. मी दुकानात दोन गोष्टी बघत होतो: ठोकळ्यांवर चिरा आहेत का आणि त्या किती खोल जातात, कारण काही टायरांत अर्धी झीज झाली की चिरा नाहीशा होतात, आणि खांद्याजवळच्या खोबणी बाहेरपर्यंत मोकळ्या आहेत का, कारण भाताच्या खाचरातली चिकण माती बाहेर पडायला वाट नसेल तर चार फेऱ्यांत कोणताही टायर लिंपलेल्या मडक्यासारखा गुळगुळीत होतो.

वहीप्रमाणे जावे तर मी डोळे मिटून एचटी घ्यायला हवे होते. माझ्या भाच्याने, जो हिशेबात पक्का आहे, तेच सुचवले. पण सरासरी कधी चिखलात फसत नाही, गाडी फसते, आणि ती नेमक्या त्या वीस किलोमीटरांत, संध्याकाळी, बाबा शेजारी असताना फसते. शेवटचा दीड किलोमीटर हा ओढ्याकाठचा चढ आहे. तिथे अडकलो तर ट्रॅक्टर बोलवायला शेजारच्या पाड्यावर चालत जावे लागते आणि लावणीच्या दिवसांत कोणाचाही ट्रॅक्टर रिकामा नसतो. दुसऱ्या बाजूला, विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली साचलेले पाणी आणि घोडबंदरवर अचानक लागणारे ब्रेक हे माझे रोजचे आहेत. म्हणून मी ठरवले की चिरांनी भरलेला, हायवेकडे झुकणारा सौम्य एटी घ्यायचा, आणि चिखलातली उरलेली कसर टायरमधल्या हवेने भरून काढायची. ओढ्याच्या अलीकडे थांबून मी हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवतो, त्याने टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो आणि तोच टायर बराच जास्त ओढतो. परत डांबराला लागण्याआधी सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या छोट्या पंपाने हवा पुन्हा भरतो. याचा तोटाही सांगितला पाहिजे. हवा कमी असताना साइडवॉल बाहेर फुगते आणि धारदार दगडाला आयती सापडते. जुलैतला टायर असाच कापला गेला होता. हवा उतरवलेली असताना मी बांधाच्या फार कडेने गेलो. टायर बिचारा निर्दोष होता.

साइडवॉलच्या त्या चिरेमुळे एलटी, म्हणजे लाइट ट्रक, टायर घ्यावा असा मोह मला झाला, तोही इथेच नोंदवतो. २४५/७५ आर१६ ही एकच साइज दोन बांधणींत मिळते. एकीवर १११ असा भारांक असतो, म्हणजे एका टायरला १,०९० किलो. दुसरीच्या पुढे एलटी अक्षरे आणि मागे १२०/११६ असे दोन भारांक असतात, ज्यातला १२० म्हणजे एकेकट्या चाकाला १,४०० किलो. एलटीची अंगकाठी जाड आणि साइडवॉल जास्त टणक असते, पण पावणेदोन टनांच्या आसपासच्या गाडीला एवढ्या वहनक्षमतेची गरज नाही, आणि तेवढाच भार पेलण्यासाठी तिच्यात हवा जास्त भरावी लागते, म्हणजे घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवरचा प्रत्येक खड्डा थेट कमरेत. थारची बसणी मुळातच मऊ नाही. बाबांच्या पाठीचा विचार करून मी १११ वर थांबलो. कायम सामान लादून लडाख किंवा स्पितीला जाणाऱ्याने कदाचित उलट निर्णय घ्यावा, आणि त्याने एम अधिक एस, म्हणजे मड आणि स्नो, या अक्षरांवर समाधान मानू नये. ती अक्षरे मुख्यतः नक्षीच्या रचनेवरून छापली जातात. तीन शिखरे आणि त्यांत हिमकण असे चिन्ह मात्र बर्फावर चाचणी झाल्याशिवाय मिळत नाही.

साइज वाढवण्याचा विषय मी लवकर संपवला. २६५/७५ आर१६ बसवल्यास व्यास ३० मिलिमीटरने वाढतो, म्हणजे गाडी फक्त १५ मिलिमीटर उंच होते, कारण व्यासातला अर्धाच भाग ॲक्सलच्या खाली येतो. त्या बोटभर उंचीच्या बदल्यात स्पीडोमीटर सुमारे चार टक्के कमी दाखवू लागतो, पूर्ण वळवलेले चाक आत कुठे घासते का ते पाहावे लागते, चाक जड होते आणि अपघातानंतर विमा कंपनीशी वाद घालण्याचे एक कारण आपण स्वतः तयार करून ठेवतो. दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर कंपनीने दिलेली साइज आणि हवा लिहिलेली आहे. मी तिथेच राहिलो.

ऑक्टोबरमध्ये खरेदीला बाहेर पडलो. त्याआधी, २२ सप्टेंबर २०२५ पासून, नव्या टायरांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, त्यामुळे जुन्या दराचे कोटेशन घेऊन बसलेल्यांनी पुन्हा एकदा दुकानात विचारणे फायद्याचे होते. किती टायर घ्यायचे, याचे उत्तर जुलैत ओढ्याकाठी मिळालेलेच होते: पाच. चारच घेतले तर २०२० सालची स्टेपनी तशीच टांगलेली राहते, आणि पुढच्या वेळी एखादा टायर फाटला की तोच पेच पुन्हा उभा राहतो. शिवाय तीच नक्षी नंतर मिळेल याचा भरवसा नाही. मॉडेल बदलतात, आणि जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरांची आयात परवान्याखाली आणल्यानंतर तर काही परदेशी नावांच्या साइज दुकानांतून गायब झालेल्या अनेकांनी पाहिल्या आहेत. पाचवा टायर आजच घेतला म्हणजे तो आजच्या संचातला असतो.

तारखेचा खटका मात्र दुकानातच उडाला. टायरवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या जुन्या टायरांवर ४५२० होते, म्हणजे २०२० चा पंचेचाळिसावा आठवडा, आणि हे वाचायला मला सोसायटीच्या पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटावे लागले, कारण तारखेसह पूर्ण ओळ बहुधा एकाच बाजूला असते आणि ती बाजू आत बसवलेली होती. दुकानात मात्र टायर जमिनीवर रचलेले होते, म्हणून मी एकेक फिरवून पाहिला. चारांवर २०२५ चे आकडे, पाचव्यावर ३१२३. सव्वादोन वर्षांचा, गोदामात पडून असलेला. "स्टेपनीलाच तर लावायचाय, साहेब," असे उत्तर मिळाले. रबर वापरात नसतानाही कडक होत जाते, आणि पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावेत व नक्षी असली तरी दहा वर्षांपुढे वापरू नयेत असे अनेक उत्पादकच सांगतात. माझी स्टेपनी आता टांगून राहणार नव्हती, आळीपाळीने धावणार होती. मी पाचवा बदलून मागितला. तीन दिवस लागले, पण मिळाला. कोणत्या कंपनीचा घेतला हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण एकाच नावाच्या टायरची बांधणी साइजप्रमाणे बदलते आणि माझ्या सोळा इंचांच्या अनुभवावरून अठरा इंचवाल्याने निर्णय घेणे बरोबर नाही. पाचही टायर अर्थातच एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि आयएसआय मार्कचे.

बसवताना मी तिथेच उभा राहिलो. व्हॉल्व्ह नवे घातले. ज्यांच्या चाकांत हवेचा दाब दाखवणारे सेन्सर आहेत त्यांनी टायर रिमवरून उतरवण्याआधीच कारागिराला तसे सांगावे, नाहीतर यंत्राची पट्टी सेन्सरवर बसते. बॅलन्सिंग पाचही चाकांचे करून घेतले. स्टेपनीचे कशाला, हा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आलाच. नट हवेच्या गनने आवळून झाल्यावर आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचने पुन्हा तपासायला लावले आणि साधारण शंभर किलोमीटरनंतर स्वतः एकदा तपासले. दोन नटांनी किंचित फिरणी घेतली.

झिजलेले टायर नेमके कधी बदलायचे, याबाबत नक्षीच्या खोबणीत तळाशी असलेल्या आडव्या पट्ट्या १.६ मिलिमीटरची खूण दाखवतात, आणि नक्षी त्या पातळीला आली की टायर संपला. ठाण्याच्या पावसात मी तिथवर थांबणार नाही. खोबणीचे काम पाणी वाहून नेण्याचे आहे. ती उथळ झाली की वेगात टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि त्या वेळी चार चाके जोडलेली असून काही उपयोग नसतो, कारण चारही चाके पाण्यावरच असतात. माझी स्वतःची मर्यादा ३ मिलिमीटर, आणि तीही मे महिन्यात मोजलेली. जुलैत नव्हे.

पहिली अदलाबदल आठ हजार किलोमीटरवर केली. मागची दोन्ही चाके सरळ पुढे, स्टेपनी मागे उजवीकडे, पुढचे उजवे मागे डावीकडे, आणि पुढचे डावे आता दारावर टांगलेले आहे. त्या दिवशी वहीत लिहिलेले आकडे असे: पुढची दोन ९.१ आणि ९.०, मागची दोन ९.४ आणि स्टेपनीचे अजून कोरे १०.२. पुढच्या आठ हजारांनंतर हे अंतर वाढायला नको, म्हणून पुढची फेरी मी सहा हजारांवरच लावणार आहे. बाबांनी वही हातात घेऊन आकडे वाचले आणि विचारले, "आता लिव्हर अडकत नाही ना?" मी म्हटले, "नाही, डांबरी रस्ता लागला की तुम्हीच टू हायमध्ये टाका." आता ते काम त्यांच्याकडे आहे, आणि शेताच्या फाट्यावर मी विसरलो तरी ते विसरत नाहीत.